आईचा गुरुवार

बाबा, तुमच्या नातीचं लग्न ठरलंय. तुम्ही तिला पाहिलंत ती पाळण्यात, आणि तेव्हाही पहिला प्रश्न विचारलात तो बारशाला किती माणसं सांगितलीत हाच. मुलगा अकोल्याचा आहे, हिंजवडीत तिच्याच कंपनीत काम करतो. दोघं मिळून महिन्याला जे कमावतात ते ऐकून तुम्ही आधी 'थापा' म्हणाला असतात आणि मग दोन दिवस कुणाशी बोलला नसतात. लग्न दिवाळीनंतर आहे, इथेच वारज्यात, एका मंगल कार्यालयात. वार गुरुवार. आडवारी कार्यालय निम्म्या भाड्यात मिळतं हे तुम्हीच शिकवलंत, ते मी विसरलेले नाही. तुमचं काहीच विसरलेले नाही, त्यासाठीच लिहायला बसले आहे.

लेकीला लॉन हवं होतं. खडकवासल्याच्या रस्त्याला अशी लॉन्स आहेत, मागे पाणी, पुढे हिरवळ, मध्ये नवरानवरी आणि वर घोंगावणारा कॅमेरा. तिने लॅपटॉपवर सगळं मांडून दाखवलं, फोटो, मेकअप, हळदीची पिवळी फुलं, संगीताला वेगळा हॉल, आणि शेवटी जी बेरीज आली ती बघून तीच म्हणाली, "आई, हे जरा जास्तच होतंय ना? रिअलिस्टिक बजेट करायला हवं." मी म्हटलं, रिअलिस्टिक म्हणजे काय ते मला विचार, मी त्याच घरात वाढले. आमचे हे नेहमीप्रमाणे 'तुम्ही मायलेकी ठरवा' म्हणत गॅलरीत जाऊन बसले. मी चहा ठेवला आणि एकेक काढत गेले. उडता कॅमेरा काढला, लग्नात वरून बघण्यासारखं असतं काय, टकलं. संगीत काढलं, आमच्या घरात कुणाला सूर नाही आणि त्यांच्या घरातल्यांचा ऐकायचाय कुणाला. हळदीची फुलं काढली, हळद स्वतःच पिवळी असते. लॉन तर पहिल्याच झटक्यात गेलं. लेक सुरुवातीला हसत होती, मग हसायची थांबली. "आई, तू हे एन्जॉय करतेयस," ती म्हणाली. खरं होतं ते. दुसऱ्याच्या हौसेवर काट मारताना हाताला जी मजा येते ती मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. तुम्ही ती आयुष्यभर एकट्यानेच घेतलीत, आम्हाला कधी हात लावू दिला नाहीत.

मग ताटांचा विषय आला, आणि ताटं म्हटलं की तुम्ही आलातच. तुमची पद्धत साधी होती. कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही बोलावायची माणसं मांडायचात आणि घरची माणसं त्यात धरायचीच नाहीत. "घरच्यांचं कसलं ताट? ते चाखत-चाखत जेवतात," हे तुम्ही माझ्या लग्नाआधी इतक्यांदा म्हणालात की मलाही त्यात काही वावगं वाटेनासं झालं. कचेरीत तुम्ही दुसऱ्यांचे हिशेब तपासायचात, साहेब लोकही तुम्हाला दबकून असत असं तुमचे मित्र कौतुकाने सांगायचे. घरी आम्ही होतोच. आईने एकदा, अगदी एकदाच, विचारलं होतं, "अहो, पाच-दहा ताटं वरची सांगून ठेवायची का?" तुम्ही पेन्सिल खाली न ठेवता म्हणालात, "सांगू ना. तुझ्या माहेरून पैसे आले की लगेच सांगू." तिच्या माहेरी तेव्हा कुणीच उरलेलं नव्हतं. तुम्हाला ते माहीत होतं, तिच्या भावाला पोचवायला तुम्हीच गेला होतात. आई उठून आत गेली आणि भाजी निवडत बसली.

माझं लग्नही गुरुवारीच होतं. पेठेतलं ते कार्यालय, खाली पंगत, वर जानोसा, आणि जिन्याखाली थाळ्यांची चळत. कार्यालयाच्या मॅनेजरशी तुमचं ठरलं होतं की सांगितलेल्या आकड्याच्या वर एक जरी ताट गेलं तर दीडपट दर. त्यामुळे मंगलाष्टकं झाल्यावर तुम्ही पाहुण्यांकडे पाठ करून त्या चळतीपाशी जे उभे राहिलात ते स्वतःच्या जेवणापुरते सोडले तर शेवटपर्यंत हललाच नाहीत. माझ्या सासऱ्यांनी कारखान्यातली दहा-बारा माणसं न सांगता आणली होती. ती हात धुऊन पंगतीला बसली तेव्हा तुमचा चेहरा मी स्टेजवरून पाहिला. फोटोग्राफर मला 'हसा ताई' म्हणत होता. घरच्यांनी मुदपाकखान्यात उभ्या उभ्या जे मिळालं ते खाऊन घेतलं. आईला तसं करता येईना. ती वधूमाय, तिला सगळ्यांसमोर तूप वाढत फिरायचं होतं. कन्यादान होईपर्यंत तुम्ही दोघांनीही पोटात काही घेतलं नव्हतं. कन्यादान झालं, तुम्ही व्याह्यांच्या शेजारी पाटावर बसलात, जिलेबी दोनदा घेतलीत आणि मठ्ठा पातळ झालाय म्हणून आचाऱ्याला सुनावलंत. वधूपिता पंगतीत नसला तर व्याह्यांचा मान राहत नाही, म्हणून घरच्यांतलं तेवढं एक ताट तुम्ही आधीच धरून ठेवलेलं होतं.

शेवटी विहिणीची पंगत बसली. माझ्या सासूबाईंनी आईचा हात धरला आणि म्हणाल्या, "आता वाढणं पुरे. या, माझ्या शेजारी बसा, आपण विहिणी विहिणी एकत्र जेवू." आईने पदराने कपाळ पुसलं, तुपाची वाटी खाली ठेवली. ती बसायला वाकलीसुद्धा होती. आणि तुम्ही चळतीपासून, अगदी गोड आवाजात, म्हणालात, "नाही हो, तिचा आज गुरुवार आहे." सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, दत्ताचा का?" "दत्ताचाच," तुम्ही म्हणालात, "पाणीसुद्धा घेत नाही. रात्री सोडते." आई वाकलेली तशीच राहिली. तिने तुमच्याकडे पाहिलं. मग मान हलवली, हो म्हणून, आणि तुपाची वाटी पुन्हा उचलली. सासूबाईंनी हात जोडले. मी तुमच्यापाशी येऊन हळू आवाजात म्हटलं, "बाबा, आईला बसू द्या. तिचा कसला गुरुवार?" तुम्ही मला जे उत्तर दिलंत ते मी लेकीला अजून सांगितलेलं नाही. "तू आता त्यांच्याकडची. तुझं ताट त्यांच्यात धरलंय. आमच्या ताटात लक्ष घालू नकोस." अंगावर शालू होता, हातात हिरवा चुडा होता, आणि माझ्या वडिलांनी मला घराबाहेर काढलं ते वरातीच्याही आधी.

पाचपरतवणाला येऊन चार दिवस राहिले, त्यातल्या एका सकाळी मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. "त्या दिवशी जेवलीस कधी?" तर म्हणाली, "घरी येऊन पोहे भिजवले की दुधात. भूक मरून गेली होती गं." ती हे सांगत असताना परातीत साबुदाणा भिजत होता. मी विचारलं, हा कुणाला? म्हणाली, "आज गुरुवार ना." मला आधी कळेचना. मग कळलं आणि मी चिडले. म्हटलं, अगं, ती थाप होती, कोण बघायला येणार आहे? तर ती शेंगदाण्याची सालं पाखडत म्हणाली, "विहीणबाईंनी कधी विचारलं तर? त्यांचा शब्द खोटा पडायला नको." त्यांचा म्हणजे तुमचा. तुम्ही बाहेर पेपर वाचत होतात, भिंत काही जाड नव्हती, तुम्हाला ऐकू गेलं असणारच. जरा वेळाने आत आलात आणि ओट्यावर एक नवा कुकर ठेवलात. "हा तुला," मला म्हणालात, "तुझ्या लग्नात बजेटात वाचलं त्यातून घेतलाय. पैसे फुकट कशाला घालवायचे?" तुमच्याकडून मला मिळालेली ती एकमेव भेट. चांगल्या कंपनीचा आहे, अजून वापरते. दोनदा फक्त रबर बदललं.

त्यानंतर आईने गुरुवार मोडला नाही. माझ्या सासूबाई तिला मोठी व्रतस्थ बाई समजायला लागल्या. नरसोबाच्या वाडीला गेल्या की तिच्यासाठी प्रसाद आणायच्या, गुरुवारी आमच्याकडे आली की तिच्यापुरती वेगळी खिचडी करायच्या आणि माझ्या जावांना सांगायच्या, स्वतःच्या मुलीच्या लग्नातसुद्धा पाणी प्यायली नाही ही बाई, याला म्हणतात निष्ठा. आई मान खाली घालून खिचडी खायची. तुम्ही समोर बसून तेच कौतुक ऐकायचात, एकदा तर म्हणालात, "तिचं पहिल्यापासून असंच आहे." मी तुमच्या तोंडाकडे बघत राहिले. तुम्हाला ते तोवर खरंच वाटायला लागलं होतं, असं मला वाटतं. तुमच्या दहाव्याला कावळा पिंडाला ताबडतोब शिवला. भटजी म्हणाले, समाधानी गेले. मनात आलं, का नाही शिवणार, या माणसाचं काही राहिलंच नव्हतं, सगळं बजेटात बसवून गेला होता. त्या दिवशीही गुरुवार होता. लोक तुमच्या नावाचं जेवले आणि आई कोपऱ्यात वरीचे तांदूळ खात बसली.

आता ती माझ्याकडे असते. तिचं डोकं गेलं आहे, बाबा. म्हणजे सगळं नाही. सकाळी चहा घेतला की नाही हे आठवत नाही, मी मुलगी आहे की बहीण यात गोंधळ होतो, वार तर केव्हाच सुटले. गेल्या उन्हाळ्यापासून ती गुरुवारी जेवायला लागली. पहिल्यांदा तिने गुरुवारी पोळीभाजी मागितली तेव्हा मी वाढली आणि खुर्ची ओढून नुसती बघत बसले. चवीने जेवली, बोटं चाटली. इतक्या वर्षांनी कुणीतरी तिच्या मानेवरचं ओझं काढून ठेवलं होतं, आणि ते काढणारा आजार होता. मला रडू आलं होतं, हेही सांगून टाकते. पण उपास विसरली तरी माझ्या लग्नातली ती दुपार मात्र ती विसरलेली नाही. उलट बाकीचं जसजसं पुसलं जातंय तसतशी ती दुपार वर येतेय. दूधवाला येतो, त्याला सांगते. सोसायटीतल्या बायका येतात, त्यांना हात धरून बसवते आणि सांगते, "माझ्या मुलीच्या लग्नात मला ताट नव्हतं हो. सगळे जेवले. हे म्हणाले, तिचा उपास आहे. मला उपास नव्हता." इतकी वर्षं तिने जे तोंडातून काढलं नाही ते आता दिवसातून चार वेळा बाहेर येतं. माझ्या सासूबाई गेल्या, बरं झालं.

आणि मग बैठकीला ती अकोल्याची मंडळी आली. मुलाची आई मोठी मोकळी बाई आहे, हसली की घर हलतं. आल्या आल्या आईच्या पाया पडली, शेजारी बसली. आईने तिचा हात धरला आणि मला कळलं की आता येणार. आलं. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, एक वाक्य इकडचं तिकडे नाही. त्या बाईंना आधी थट्टा वाटली, त्या हसल्या, मग त्यांनी आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू विरलं. मग माझ्याकडे पाहिलं, असं की जणू वाढायला मीच नकार दिला होता. निघताना दारात म्हणाल्या, "आजीले लग्नात पहिल्या पंगतीत बसवू बरं का ताई. माझ्याजवळ बसवजा. मी भरवीन तिले." चांगली बाई आहे. तिच्या त्या चांगुलपणाचा मला इतका राग आला की लिफ्ट खाली जाईपर्यंत मी नीट हसलेही नाही.

त्याच दिवशी मी ठरवलं. डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं, पहिली पंगत, रांगोळ्या, दोन्हीकडची माणसं, आणि मध्ये आई मोठ्या आवाजात सांगतेय की मला ताट नव्हतं. मुलाचे काका-मामा विचारणार, कुणी दिलं नाही? आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळणार, कारण तुम्ही तर मेलात. म्हणून लेक लॅपटॉप घेऊन बसली आणि तिने "आजीचं ताट धरलंस ना?" असं विचारलं तेव्हा मी न अडखळता म्हटलं, "गुरुवार आहे. आजीचा उपास असतो. ती घरीच बरी, ब्युरोतून दिवसभरासाठी बाई ठेवते मी. गाडी नको, व्हीलचेअर नको, तळमजल्यावरची खोली नको. तुलाच रिअलिस्टिक हवं होतं ना?" ती म्हणाली, "आई, काहीतरी बोलू नकोस. आजी आता गुरुवारी जेवते. मागच्याच आठवड्यात मी तिला भरवलंय." मी म्हटलं, चुकून झालं असेल. ती म्हणाली, "एका ताटाने काय फरक पडतो गं?" मी म्हटलं, "प्रत्येक जण एकच ताट जेवतो." हे वाक्य माझं नव्हतं. ते कुणाचं ते तुम्हाला सांगायला नको. लेकीने लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "कार्यालयाला आकडा द्यायच्या आधी मी आजीलाच विचारते. ती काय म्हणेल तसं करू."

आईला आज काही सांगितलं तर ते उद्या राहत नाही. पण रोज सांगितलं तर राहतं, हे औषधांच्या बाबतीत मी पाहिलं होतं. मी रोज सांगायला लागले. सकाळी केस विंचरताना, संध्याकाळी दिवा लावताना. आई, तुझा गुरुवारचा उपास असतो, आठवतं ना? दत्ताचा. तू कधी मोडला नाहीस. ती ऐकायची, कधी हो म्हणायची, कधी माझ्याकडे अशी बघायची की मला फणी खाली ठेवावी लागायची.

काल गुरुवार होता. दुपारी तुमच्या कुकरात वरणभात लावला, नेहमीसारखा. शिट्टी झाली तशी आई काठी टेकत आपणहून स्वयंपाकघरात आली आणि टेबलापाशी बसली. "वास छान सुटलाय," म्हणाली, "वाढ गं, भूक लागलीय." मी वाढलं. भात, वरण, वर तूप, कडेला लिंबू. ताट तिच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, "आई, आज गुरुवार." तिचा हात भाताजवळ थांबला. "हो का?" "हो. तुझा उपास असतो." "कशाचा?" "दत्ताचा." तिने ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती नजर मी एकदाच पाहिली होती, तेव्हा ती तुमच्यासाठी होती. मग तिने मान हलवली, हो म्हणून, आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "बरं झालं बाई, आठवण केलीस," म्हणाली. थोडं थांबून तिने विचारलं, "पाणी चालतं का गं मला?" मी पाणी दिलं. तेवढी मी तुमच्याहून बरी निघाले.

संध्याकाळी लेक ऑफिसातून आली, पर्स खांद्यावरच होती, तिने थेट आजीला विचारलं, "आजी, माझ्या लग्नात जेवणार ना तू?" आई म्हणाली, "कधी आहे?" "गुरुवारी." "मग नाही गं," आई म्हणाली, "गुरुवारी माझा उपास. माझं ताट धरू नका." लेक तिच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळली. आत जाऊन तिने लॅपटॉप उघडला आणि एक आकडा कमी केला, मी दारातून पाहिलं. मुलाच्या आईला फोनवर ती सांगत होती की आजीचं व्रत असतं, तिने स्वतःच नको म्हटलंय. पलीकडून त्या बाईंचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला, "अगं बाई, केवढी निष्ठा."

हे कुठे पाठवायचं नाहीच, तेवढं पाकीट आणि तिकीट वाचलं. फक्त एक सांगायचं राहिलं. दुपारचं ते आईचं ताट, भात-वरण-तूप-लिंबू, मी परत कुकरात घातलं नाही. ती समोरच बसली होती, पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून. मी तिच्यासमोर बसून ते सगळं खाल्लं. फुकट कशाला घालवायचं?